तीन नंबरचा खण

आधी स्क्रूच निघेना.
इथल्या हवेत मीठ आहे,
बिजागऱ्यांत, सायकलीत, माणसांच्या गुडघ्यांत उतरतं ते.
खोबरेल सोडलं दोन थेंब, रात्रभर ठेवलं,
सकाळी चहाच्या आधी फिरला एकदाचा.

जिन्याखालच्या फडताळात माझा सर्व्हर.
चार डिस्का, प्रत्येकी दोन टीबी.
त्यांत विजयदुर्गच्या जेटीपासून गिर्ये-रामेश्वरपर्यंतची
सव्वीस वर्षांची लग्नं,
स्कॅन केलेल्या निगेटिव्ह धरून.
बारशी, साठीशांती, नव्या होड्यांपुढे फोडलेले नारळ,
शाळेचे ग्रुप फोटो, ज्यांतली निम्मी पोरं आता ओळख देत नाहीत.
स्टुडिओ केव्हाच बंद केला.
काचेवरचं ‘अर्जंट पासपोर्ट’ तेवढं खरवडायचं राहिलं.

तीन नंबरची पंधरा दिवस टकटक करत होती,
पाल चुकचुकावी तशी.
कृष्ण कृष्ण म्हणून बोटं आपटावीत
तसा मी एंटर दाबत राहिलो.

नव्या डिस्का आठ-आठ टीबीच्या.
कुरियरवाला कणकवलीच्या पुढे येत नाही.
एसटीच्या कंडक्टरला सांगून मागवल्या,
वर आंब्याची पेटी ठेवू नका असं बजावून.
चारातल्या तीनच आल्या.

एक काढायची, एक घालायची,
मग थांबायचं.
उरलेल्या तिघी आपापलं वाचून
गेलेलीत काय होतं त्याचा हिशेब मांडतात,
नवीच्या कोऱ्या पाटीवर उतरवतात.
एकोणीस तास.
तेवढ्यात दुसरी गेली तर सगळंच गेलं,
म्हणून घरात दारसुद्धा कोणी आपटायचं नाही.

बासष्ट टक्क्यांवर लाईट गेली.
इन्व्हर्टरवरून पंखे काढले, टीव्ही काढला,
पुठ्ठ्याने वारा घेत बसलो.
आणि नेमकी प्रणिता आली, सदा ताऱ्यांची.
‘बापाशीचो फोटो गावतलो काय?
एकट्याचो. उद्या बारावो दिस.’

सदा तारी. मंडपाचं लायटिंग करायचा.

उद्या ये म्हणायला हवं होतं.
अशा वेळी मशीनला हात लावू नये.
मी म्हटलं, बस.

दोन हजार नऊ, मे, घाडींच्या थोरल्याचं लग्न.
फोटो पट्ट्यापट्ट्याने उघडत गेला,
आधी झिरमिळ्या, मग शिडी, मग
दातांत वायर धरलेला तिचा बाप,
अर्धा चौकटीबाहेर.
यातल्या काही पट्ट्या त्या काढलेल्या डिस्कवर होत्या.
ती तर टेबलावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

‘ह्यो शर्ट मामान दिल्लो,’ प्रणिता म्हणाली.
आमची ही म्हणाली, टेस्टर कानावर खोचायचा तो, सुतार पेन्सिल खोचतो तसा.
शेजारचे इब्राहिम मुकादम, अंधारात कुठून आले कोण जाणे,
म्हणाले, माझे तीनशे रुपये होते त्याच्याकडे.
थोडं थांबून म्हणाले, पावणेतीनशे.

चाळीसेक फोटो उघडले.
सगळ्यांत तो कडेला, नाहीतर पाठमोरा,
एकात नुसता हात, बल्ब पिळताना.
शेवटी पहिलाच घेतला. शिडी कापली,
वायर पुसायला लागलो, तर ती म्हणाली,
‘वायर ऱ्हवांदे.’

पहाटे साडेचारला हिरवा दिवा.
शंभर टक्के, आणि जागा होती तेवढीच.
चारी बदलल्याशिवाय वाढीव जागा दाखवतच नाही.
माहीत होतं मला,
तरी दोनदा बघितलं.

अजून दोघींची पाळी यायचीय,
चौथी तर कणकवलीतच पडून.
जुनी तीन नंबरची नातवाने खोलली.
आतलं चुंबक फ्रिजला लावलंय,
त्याखाली गॅसवाल्याचा नंबर.
नंबर बदलला परवा,
पण चुंबक काढायला दोघं लागतात,
आणि नातू गेला पुण्याला.