दोन बोटं

सरळ रस्त्यावर काही नाही.
पण साक्री रोडच्या गतिरोधकावर, मागे सासुरवाडी बसली,
की डाव्या चाकातून आवाज,
कुणी झोपेत दात खातंय तसा.
दोष माझाच. एकशे पंचावन्नच्या जागी
एकशे पंच्याऐंशीचे टायर चढवले,
चाळिशी उलटल्यावर, वीज मंडळाच्या पगारात,
निव्वळ हौस.

हिरामण मिस्तरी उकिडवा बसला.
मडगार्डच्या कडेखाली हात घालून चाचपलं,
म्हैस गाभण आहे का बघावं तसं.
मग टायर आणि पत्र्याच्या मध्ये दोन बोटं.
एक शिरलं. दुसरं नखापाशी अडलं.
"टायर मोठा नही शे भाऊ," म्हणाला,
"आठे जागा कमी शे."
मला दोन्हीत फरक कळला नाही.
त्याचं पोट मात्र त्या फरकावरच चालतं.

आतल्या कडेला त्याने खडू फासला,
गाडी मागेपुढे केली
आणि टायरवर उमटलेली पांढरी रेघ दाखवली.
"आठे भांडी राहिनं."

मग हीटगन. घाई नाही.
पत्र्यावर तळहात टेकवून मोजायचा, एक, दोन, तीन,
तीनला हात उचलावा लागला की पुरे.
"थंडा पत्रा वाकस, पन रंग रुसस."
मग आतून घेऊन आला मुसळ.
खरंच मुसळ, बाभळीचं, टोकाला लोखंडी वसवी,
तिच्या वर वीतभर मिरचीचा तांबूस डाग.
ते टायर आणि कडेच्या मध्ये आडवं सरकवलं
आणि मला म्हणाला, ढकल,
पाळण्यात पोर आहे असं समजून ढकल.
चाक फिरलं, मुसळ फिरलं,
कड एकेक सूत आत मुडपत गेली,
सांजोरीची मुरड पडावी तशी.
घरातून हाक आली, "मुसय कोठे लई ग्यात?"
मिस्तरीने ऐकली नाही.
एकतीस वर्षांच्या संसारात कुठला आवाज दुरुस्त करायचा
आणि कुठला चालू द्यायचा, हे कळतं.

दोन बोटं शिरली.
"पन हाई रिकामी गाडी शे. वजन पाहिजे."
चहावाला पोऱ्या बसला.
गिरणीतला लोटन बसला, भुवयांवर पीठ घेऊन.
मागे एक जागा उरली.

शेजारचं दुकान झुंबरशेठचं, सिमेंटचं.
शेठ एकशे दहा किलो.
दोघांच्या शटरमध्ये दीड वीत गटार,
आणि तिचं पाणी कुणी कुठे काढायचं
यावरून साडेतीन वर्षं अबोला.
मिस्तरी पान्याने गुडघ्यावर टकटक करत राहिला.
मग लोटनला म्हणाला, पण इतक्या मोठ्यांदा
की गिरणी चालू असती तरी ऐकू गेलं असतं:
"आखो एक भारी मानूस पाहिजे व्हता."

शेठने वहीतून मान वर केली.
चष्मा खिशात ठेवला.
आला. दार उघडलं.
लोटनला कोपराने सरकवलं.
गाडी बसली.

चौफुलीपर्यंत मिस्तरी बरोबर पळत होता,
वाकून, कान चाकाशी, हात मडगार्डवर.
आत कुणी बोलेना.
गतिरोधक. पुढचं चाक. मागचं.
काही नाही.
"परत घे," शेठ म्हणाला, खिडकीबाहेर बघत. "जोरात."
परत घेतली, जोरात.
पोऱ्याचं डोकं टपाला लागलं.
चाकातून काही नाही.

उतरल्यावर शेठ धापा टाकत वाकला,
टायर आणि पत्र्यात स्वतःची दोन बोटं घातली,
जाड, पुष्कराजाच्या अंगठीसकट.
काढली. काळं पुसलं मिस्तरीच्या खांद्यावरच्या फडक्याला.
"जातात," म्हणाला.
कुणाला, ते कळलं नाही.

मी पैसे मोजत होतो.
मिस्तरी त्याच दीड वितीवर मुसळ धुवायला बसला.
लाल-काळं पाणी शेठच्या बाजूला वळलं.
शटरआडून कुणी काही बोललं नाही,
निदान मी गाडी वळवेपर्यंत.