सहावी

आमच्या घरात बहिणी मोजताना
एक बोट दुमडून ठेवायची रीत होती.
आजी म्हणायची, माझ्या पणजीच्या सहा बहिणी,
आणि नावं घ्यायची पाच.
सहावीच्या वेळी नुसती सुपात फुंकर.

तिचं नाव केवळा.
हिंगोलीच्या छावणीबाजारात
पलटणीच्या घोड्यांसाठी हरभरा भरडायची.
अठराव्या वर्षी कपाळ पांढरं,
एकविसाव्या वर्षी पोट.
कयाधूच्या डोहात एक गाठोडं सापडलं लुगड्याच्या तुकड्याचं.
गाठ केवळाच्याच हातची
हे सांगायला सासू स्वतः चालत कचेरीत गेली.
हरभरा रोज मोजून कोण द्यायचं
ते कागदावर आलं नाही.

जन्मठेप, काळं पाणी.
आईनं म्हणे शिपायाला विचारलं,
प्यायचं असतं का ते?

नऊ वर्षांनी एक कागद आला,
कुणा कैदी मुन्शीच्या हातचा, फारसी अक्षरातला.
छावणीच्या मौलवीनं वाचला त्याच्या भाषेत.
सांगता सांगता घरच्या बायांनी
तो परत तिच्या बोलीत आणला:

माय, हितं पाऊस सरतच न्हाई.
जवारी कणसातच सडती.
आम्ही बाया मागावर बसतो, कैद्यांचं कापड इणतो.
गळ्यात लाकडाचा बिल्ला, त्याच्यावर आकडा.
पाच वर्सं भरल्यावर वळीनं उभं केलं,
गडी समोरून गेले.
एकानं सुपारी पुढं केली, म्या घेतली.
सेलमकडचा हाय. त्याची बोली मला येत न्हाई,
मव्ही त्याला.
बरं हाय. कुणी काही इचारीत न्हाई.
एक लेक हाय. तिला पाण्याचं भ्या न्हाई.
मला हाय.
जात्याचा खुटा ढिला झाला आसंल, बदला.

उत्तर गेलं नाही.
कागद चुलीत गेला, कुणी म्हणतं उतरंडीत.
खुटा मात्र बदलला. बाभळीचा.

जातं आता माझ्याकडं आहे,
परभणीच्या क्वार्टरात, गॅलरीत. वर कोरफडीची कुंडी.
जाता-येता खुटा हलवून बघायची
सवयच लागलीय मला.

परवा लेकीला शाळेत घराण्याचा तक्ता करायचा होता.
मी सहा नावं सांगितली.
पाच जणींपुढं तिनं गावं लिहिली,
सेनगाव, वसमत, जिंतूर, पुन्हा सेनगाव, औंढा.
मग पेन्सिल थांबवून म्हणाली,
आई, ही कुठं दिली होती?

लांब, म्हटलं.
पाऊस सरत नाही तिथं.