विंगेतला आवाज

पुंजाराम गायधनी. नोट प्रेस, पहिली पाळी.
सुटताना गेटवर हात वर करून झडती द्यायचा,
आणि संध्याकाळी जेल रोडच्या शाळेत, बाकं सरकवून,
त्याच हातांनी राज्य वाटून टाकायचा.

मी प्रॉम्प्टर. चाळीसच्या बल्बखाली,
बोट ओळीवर.
दुसऱ्या अंकात एका जागी तो अडायचाच.
कामगार स्पर्धेत अडला, मनमाडला अडला,
सिन्नरला तर पेट्रोमॅक्सच्या उजेडात अडला.
‘आता कोणाला हाक मारू?’
एवढंच वाक्य.
मी पुटपुटायचो, तो उचलायचा,
टाळी नेमकी तिथेच पडायची.

मग सिनेमे. अठरा.
अकरांत हवालदार, एकात प्रेत
(ते काम सगळ्यांना आवडलं).
पाटीवर नाव आलं ते गायधने.
प्रेसमधले आम्ही पंधरा जण टॉकीजला गेलो,
शिट्टीसाठी बोटं तोंडात घालेपर्यंत
तो पडद्यावरून निघूनही गेला होता.
तिथे म्हणे अडलं की कापतात.

रिटायर झाल्यावर एकदा गंगेवर बसलो होतो,
मधे चिवड्याचा कागद.
म्हणाला, येत होतं रे मला ते वाक्य.
पहिल्या तालमीपासून.
मग?
कागदातले शेंगदाणे निवडत राहिला.
तू तिथे अंधारात नुसताच बसून असायचास, म्हणाला.

काल शोकसभा झाली.
मला पहिल्यांदाच उजेडात उभं केलं.
माईक खाकरून बघितला, तोंड उघडलं,
आणि मान आपोआप
डाव्या विंगेकडे वळली.