चार स्क्रू

एसी दुरुस्त करायला आला होता मकबूल साखरकर,
रुवीत, आमच्या सहाव्या मजल्यावर.
बाहेर सेहेचाळीस, आत एकतीस,
मी मराठीत काहीतरी पुटपुटले, शिवीच होती,
तर शिडीवरून आवाज, "ताई, कुठल्या तुम्ही?"

मी बार्शीची. तो दाभोळच्या अलीकडचा.
मग चहा. मग, काय करता इथे?
म्हटलं, पैसे पाठवायचं ते पान असतं ना, ते मी बनवते.
तो हसला नाही.
"ते तुमचंय होय," म्हणाला,
रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याबद्दल
शेजाऱ्याला विचारावं तसं.

खिशातून फोन काढला, कोपऱ्यात तडा, तड्यावर चिकटपट्टी.
दाबलं. फोन शिडीच्या पायरीवर ठेवला
आणि जाळीचा स्क्रू काढायला लागला.
एक.
दोन. चक्र फिरतंय.
तीन.
"चवथ्याला खुलतं," म्हणाला, "कधी पाचव्याला.
मग बोट टेकवावं तर बटण खाली सरकतं,
बोट पडतं विम्यावर."

माझ्या टेबलावर तेच पान
श्वास घ्यायच्या आत उघडायचं.
हिरवं वर्तुळ, नव्वद गुण, साहेबांना पाठवलेला स्क्रीनशॉट.
शिडीवर चढून मी ते कधी पाहिलं नव्हतं.

त्या रात्री पान सोलत बसले.
सगळ्यात वर शम्साने लावलेला फोटो,
मुदैबीतली खजुराची बाग, तिच्या वडिलांची,
भिंत भरेल एवढा, चार एमबी,
तळव्यात मावणाऱ्या काचेसाठी.
खाली पाच जाडीची अक्षरं, त्यातल्या दोन कुणी वापरतच नाही.
मग गाड्याबरोबर नळ्याची यात्रा:
कोण आलं ते मोजणारा, किती थांबलं ते मोजणारा,
मोजणाऱ्यांना मोजणारा,
आणि "मी आपली काय मदत करू?" म्हणत कोपऱ्यात उगवणारा फुगा,
ज्याच्यामुळेच मदत लागायची.
दर एवढासा, चार-पाच आकड्यांचा,
रांगेत सगळ्यांच्या मागे,
आणि तोही आयर्लंडहून यायचा.
मागणारा डोंगरापलीकडे, वादी कबीरमध्ये, खाटेवर उताणा.

पाहुणा दारात, उन्हात,
आणि आम्ही आत झुंबर टांगत होतो.

डेटाही त्याचाच, बैशात मोजून घेतलेला.
बैसा म्हणजे आपलाच पैसा,
समुद्र ओलांडताना प चा ब झालेला.

फोटो काढते म्हटल्यावर शम्सा नाही म्हणाली नाही.
कॉफी ओतली, खजूर पुढे केला,
आणि तिच्या वडिलांनी कुठलं झाड कोणत्या साली लावलं ते सांगत राहिली.
मग नाही काढला. पिळला. साठ केबी.
झावळ्या जरा विरल्या,
पण पाटाचा गाळ काढायला वाकलेला म्हातारा राहिला.
आता तो दरानंतर येतो, हळू,
खराही तसाच येत असेल.

मोजणाऱ्यांशी तीन आठवडे भांडले.
दोघे गेले. एकाला साहेबांचा आशीर्वाद, तो आहे.
फुगा फोडला.
बटणाची जागा आधीच धरून ठेवली,
एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तशी.
दर आता जवळून येतो, सगळ्यांच्या आधी,
साध्या अक्षरांत, अनवाणी.

ऑक्टोबरात मकबूल जाळी धुवायला परत आला.
मी मुद्दामच काही बोलले नाही.
त्याने दाबलं, फोन पायरीवर ठेवला,
स्क्रूच्या खाचेत पेचकस बसवला
आणि थांबला.
पेचकस अजून फिरलाही नव्हता.

मला वाटलं, आता म्हणेल काहीतरी.
त्याने दर वाचला, भुवया जवळ आल्या.
"पडलाय आज," म्हणाला. "नको. उद्या बघू."
फोन खिशात.

उद्या.
हे थांबणं त्याचं होतं,
त्याने हिशोब करून ठरवलेलं.
आमचं त्यात काही नव्हतं.

मग पहिला स्क्रू सावकाश काढला,
खाली वाकून माझ्या हातात दिला,
"धरा जरा, ताई. हा नेहमी हरवतो."