इतर नावं

गडहिंग्लजच्या तहसील कचेरीत
एकतीस वर्षं मी दाखले दिले.
'दाखला देण्यात येतो की सदर इसम
मौजे अमुक येथील कायमचा रहिवासी असून…'
कायमचा हा शब्द इतक्यांदा लिहिला
की त्याच्याकडे बघणंच सुटलं.
माणूस समोर उभा असायचा, टोपी हातात,
त्याच्या चपलांना त्याच गावची माती,
आणि मी म्हणायचो, पुरावा काय?

आता न्यू हॅम्पशायरात, नॅशुआ नावाच्या गावी,
मुलाच्या स्वयंपाकघरातल्या उंच स्टुलावर
पाय लोंबकळत बसलोय.
बाहेर एक ट्रक बर्फावर मीठ फेकत जातोय.
प्रसन्न म्हणाला होता, बाबा, रविवारी मी भरतो.
पण फॉर्म हा माझा प्रांत.
काळी शाई. एका चौकटीत एक अक्षर.
हेब्बाळकर मावलं,
वर दोन-चार चौकटी उरल्यासुद्धा.

मग हिचा फॉर्म.
यापूर्वी वापरलेली इतर नावं,
लग्नाआधीचं, टोपणनाव, असल्यास सर्व लिहा.
निरंक,
असं मनात म्हणत मी पेन टेकवलं.
ही ओट्याशी मेथी निवडत होती.
पाठ न वळवता म्हणाली,
आहे की. द्वारका.
आणि मग, समोर तलाठी बसल्यासारखं, सावकाश:
द्वारका सत्यप्पा चोथे.

अठ्ठेचाळीस वर्षांत
आमच्या घरात हे नाव कुणी घेतलं नव्हतं.
मी ते एकदाच ऐकलेलं, पत्रिका जुळवताना.
शैलजा माझ्या आत्याने सुचवलं.
ताटात तांदूळ पसरले, मी अंगठीने लिहिलं,
शैच्या दोन मात्रा काढताना दाणे घसरले,
लोक हसले, पेढे वाटले.
हिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी,
जो नावदुरुस्तीचं साधं प्रकरण
प्रतिज्ञापत्राशिवाय, दोन साक्षीदारांशिवाय
टेबलावरून पुढे सरकू देत नसे.
ते तांदूळ संध्याकाळी डब्यात गेले.
पुढच्या आठवड्यात आम्ही ते खाल्लेही असतील.

सांगितलं तसं लिहिलं.
स्पेलिंग दोनदा विचारलं.
दुसऱ्यांदा विचारायची गरज नव्हती.

ठशांच्या दिवशी काचेवर हिची बोटं उमटेनात.
डिनीस नावाची बाई, गळ्यात ओळखपत्र,
ओल्या कापडाने एकेक बोट पुसायची,
आपल्या हातात धरून दाबायची,
पडद्याकडे बघायची, मान हलवायची.
पुन्हा पुसायची.
असे किती अंगठे मी दाबलेत निळ्या पॅडवर,
अंगठ्यामागच्या म्हातारीकडे वर न बघता,
दाब आजी, नीट दाब, मागे रांग आहे.

शेवटी दहाही उमटली.
कागद ताडून बघताना डिनीस अडखळली: ड्वार्का?
ही खुर्चीत ताठ झाली.
हजर, म्हणाली. मराठीत.

कार्ड पावसाळी बुटांच्या जाहिरातींसोबत आलं.
फोटोत ही किंचित दचकलेली, कान उघडे.
नाव शैलजाच.
द्वारका आत कुठेतरी,
परक्या सरकारच्या कपाटात, नंबर लागून,
जिथे माझी ओळख चालत नाही.
मी कार्ड जुन्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.
हिने ते काढून घेतलं, आपल्या पर्समध्ये टाकलं.

काल रात्री दिवा मालवल्यावर
मी हळूच म्हणून बघितलं, द्वारका.
बराच वेळ नुसता हीटरचा आवाज.
मग रजईतून:
तिला कशाला उठवता?
सकाळची शाळा आहे तिची.