वीस मीटर

पहिल्याच आठवड्यात एल्स्पेथनं विचारलं,
बूट कुठले आहेत तुझे?
मी लॅबमध्ये घालते ते दाखवले.
ती हसली नाही. आत गेली,
गेलेल्या नवऱ्याच्या गमबुटांत
दोन जोड मोजे कोंबून माझ्यासमोर ठेवले.

तेच घालून उतरते आहे
सँडफ्लाय बेच्या टेकाडावरून,
घोट्यापर्यंत वाळू,
एक पाऊल पुढं, अर्धं मागं.
नावात माशी नाही, ती सांगते, उडणारी वाळू आहे.
खरंय. दाताखाली करकरतेय.

जुलै आहे आणि कानाच्या पाळ्या जाग्यावर आहेत की नाहीत
हाताला लागत नाही.
इथं सूर्य उत्तरेच्या अंगानं जातो
हे कळायला मला दीड महिना
आणि तीन दिवस ओली राहिलेली चादर लागली.
रात्रपाळी संपवून परतताना मृग दिसला,
डोकं खाली, पाय वर,
व्याध त्याच्याही वरती चढून बसलेला,
बाण मात्र अजून पोटातच.

वाटेत ओंडका.
ओंडक्यानं नाक फेंदारलं.
एल्स्पेथनं माझी बाही धरली: वीस मीटर.
म्हणजे किती?
दोन बस, ती म्हणाली,
एकतीस वर्षं बस चालवली होती तिनं.

मग आम्ही दोन बसच्या अंतरावर उभ्या.
तो जांभई देतो. वारा आमच्याकडे.
वास सुकटीचा, अस्सल, परड्यात वाळत घातल्यासारखा.
घरी मी सुकट भाजली तेव्हा
छतावरची धुराची घंटा बोंबलली,
वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली आलं होतं,
फार सभ्यपणे.
इथं कुणी नाक दाबत नाही.
दोघी वाट बघतो, साहेब कूस बदलतात का.

शंभराहून जास्त वर्षं, एल्स्पेथ सांगते,
या किनाऱ्यावर एकही समुद्रसिंह नव्हता.
कातड्यासाठी संपवले सगळे.
मग दक्षिणेकडच्या बेटांवरून एक मादी आली.
एकटी. इथंच व्याली.
मी काही बोलत नाही.
माझी फाइल कुठल्यातरी टेबलावर आहे,
छातीच्या एक्स-रेवर एक सही राहिली म्हणून.

आडोशाच्या फळ्यांमागं तामाती आधीच येऊन बसलेला.
पेंग्विनचं नाव त्यानं दोनदा म्हणून दाखवलं: हॉइहो.
म्हणजे ओरडणारा.
मला ऐकू आलं, होय हो.
सासरी एक काका आहेत तसे,
सगळ्याला होय हो, होय हो,
आणि खुर्चीतून उठत नाहीत.
हे इंग्रजीत सांगायला गेले
आणि मध्येच सोडून दिलं.

पूर्वी इथं मोजायला दोन्ही हात लागायचे, तामाती म्हणाला.
आज एकच आला.
लाटेनं आदळला, उठला, पुन्हा आदळला,
मग उभा राहून अंग झटकलं,
जणू कुणी बघितलं नाही.
डोक्याला पिवळी पट्टी, पोटाला वाळू.
आणि तो टेकाड चढू लागला,
एक पाऊल पुढं, अर्धं मागं.
तिघांनीही श्वास धरला होता
हे सोडल्यावर कळलं.

मध्यरात्री घरावरून टिटवी ओरडत जाते.
तीच नव्हे, पण सख्खी बहीण नक्की,
आवाजात तीच घाई.
तिकडे आईची चहाची वेळ.
फोनमधून तिनं ऐकलं आणि कप खाली ठेवला:
अगं, रात्रीची टिटवी! कुणाचं काय व्हायचंय?
काही नाही आई, मी म्हणाले,
समोर रग्बीचं मैदान आहे,
मधोमध अंडी घातलीत तिनं,
जवळ गेलं की अंगावर येते.
आई थोडा वेळ गप्प.
मग पोरं खेळतात कुठं?

दोन बस सोडून.