जॉबरचा कान

बाहेर होटगी रस्ता चव्वेचाळीस अंशांवर उकळतोय,
यंत्राच्या पोटातलं हेलियम उणे दोनशे एकोणसत्तरवर.
मधे मी. मे महिन्यात स्वेटर घालून.

"अंगात कुठं लोखंड?" फॉर्मवरचा तिसरा प्रश्न.
मल्लेशम म्याकल, वय एकाहत्तर, पाय बधिर, हसतात:
"चाळीस वर्षं मी लोखंडाच्या अंगात होतो, बाई.
माझ्या अंगात कुठलं?"
मग भुवईवर बोट टेकवतात.
"हां, एकदा धोटा उडाला होता,
मिल बंद पडायच्या आदल्या वर्षी. टोकाचं पोलाद. इथं."

मी पेन खाली ठेवते.
आधी डोळ्याचा एक्स-रे.
हा चुंबक वय विचारत नाही.
बुबुळामागे कणीएवढा तुकडा असला
तरी इतक्या वर्षांनी तो त्याला घरी बोलावेल.

"एमैंदी?" राजव्वा दारातून विचारतात.
काही नाही, डोळा स्वच्छ आहे.
त्यांच्या ओंजळीत मी देते
कडं, किल्ली, चुन्याची डबी, करदोट्यातला तांब्याचा ताईत.
विड्या वळून पिवळी पडलेली बोटं
सगळ्यावर मिटतात.

कानात बोळे घालू लागले तर म्हणाले,
"कान कधीच मागाला दिलेत."
तरी घातले. हातात रबरी फुगा दिला:
भीती वाटली तर दाबा.

आमचे सर सांगायचे,
आधी हे सगळं काचेच्या नळीतल्या रसायनांसाठी होतं.
मग कुणाला तरी सुचलं,
माणूस तरी काय, पाण्यानं भरलेली नळीच.
पहिल्या माणसाच्या छातीचं एक धूसर चित्र
यायला पावणेपाच तास लागले.
पुढे लोक बिचकू लागले
म्हणून नावातला न्यूक्लियर गाळला.

सोलापुरात नळाला पाणी पाचव्या दिवशी,
आणि हे यंत्र पाण्याशिवाय बोलत नाही.
थेंबाथेंबात अगणित भोवरे,
चुंबकानं हाक दिली की रांगेत उभे राहतात.
सगळे नाही. दहा लाखांत चार-पाच जास्तीचे,
तेवढ्यावरच भागवायचं.
रेडिओचा धक्का बसला की कलतात,
आणि सावरताना जे पुटपुटतात
ते मी पडद्यावर विणत जाते,
आडव्या धाग्यासारखी ओळीवर ओळ.

खट् खट् खट् खट्
घर्रर्र
खट् खट्

इथं बहुतेकजण फुगा दाबतात.
परवा एक फौजदार रडला.
मल्लेशम घोरताहेत.
मी माइकवर दोनदा हाक मारली.
मागाखालच्या झोळीत वाढलेला माणूस,
त्याला खडखडाट थांबला की जाग येत असणार.

मणके आले. एकाखाली एक, चांगले पांढुरके.
चौथ्या-पाचव्याच्या मधली चकती मात्र काळी,
पाणी आटून मागे सरकलेली,
उन्हाळ्यातली उजनी, उणे टक्क्यांतली.
फुटलेला काठ नसेवर रेललेला.

हे सगळ्यात आधी मला दिसतं
आणि सांगायची मुभा मला नाही.

"काय दिसलं आत?"
"रिपोर्ट संध्याकाळी डॉक्टर देतील."
"तरी?"
"पाणी."
"मग आमच्यात सांगा, चार दिवस झाले आलं नाही."

राजव्वा डबी, किल्ली, ताईत एकेक परत बांधतात.
ते चपला शोधत थांबतात, मान तिरकी करून,
रिकाम्या यंत्राकडे बघत.
"बाई, तुमच्या मागात डावीकडं काहीतरी सैल आहे.
बाराव्या-तेराव्या ठोक्याला खणकतंय.
झोपेत कळलं मला."

मी हसले होते.

सोमवारी पुण्याहून इंजिनियर आला,
डावीकडचं झाकण उघडलं, आत बराच वेळ बॅटरी मारली
आणि तळहातावर एक ढिला बोल्ट घेऊन बाहेर आला.
त्याच्याही फॉर्मवर रकाना होता: दोष कोणी ओळखला?
मी लिहिलं,
म्याकल. जॉबर. दुसरी पाळी.